बेरजेची चिठ्ठी

हातात मावणारे जुने कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या ताईंचं दुकान दुपारी सामसूम असायचं. त्या दिवशी गेल्याच आठवड्यातली मुलगी पुन्हा आली. रुमालात गुंडाळलेलं यंत्र तिनं काउंटरवर ठेवलं.

"सेल बदलून नेला आणि आता उघडतच नाही, ताई. आईची वाचा गेली होती, यावरच लिहून बोलायची. शेवटच्या सकाळीही काहीतरी लिहिलं तिनं... मी रात्रभर जवळ होते, ते तरी तिला कळलं का?"

ताईंनी बटण दाबलं. बेरीज जुळत नाही, सगळं पुसू का, असं यंत्र विचारू लागलं. ही यंत्रं साठवलेल्या आकड्यांची बेरीज लिहून ठेवतात आणि उघडताना पुन्हा करून बघतात. कुठेतरी एक आकडा बिघडला होता. कुठला, ते बेरीज सांगत नाही. आणि शब्द असे दाबून भरलेले, की एक आकडा चुकला तर पुढचं सगळं गिचमिड.

यंत्राची डबी उघडण्याआधी त्यातल्या आकड्यांची आडवी आणि उभी बेरीज हातानं मांडायची, चिठ्ठी झाकणाआड ठेवायची, ही त्यांच्या उस्तादांची शिस्त. पुढे गडबड झालीच, तर चुकलेली आडवी ओळ आणि चुकलेली उभी ओळ जिथे एकमेकींना छेदतात तिथे चोर सापडतो. उस्ताद जाऊन तीन वर्षं झाली होती. एवढा खटाटोप कोण करतं, म्हणून ताईंनी चिठ्ठ्या सोडून दिल्या होत्या. गेल्या आठवड्यात ही डबीसुद्धा त्यांनी घाईत, चिठ्ठीविनाच बंद केली होती.

"बघते," त्या कशाबशा म्हणाल्या.

झाकणाचा स्क्रू फिरला आणि राळेचा वास आला. तारा जोडताना राळ वितळवणारी इस्त्री तर सकाळपासून थंड होती. मागे उस्तादांची रिकामी खुर्ची. तिथून खरखर ऐकू आली... कागदावर शिसं घासावं तशी. ताईंनी वळून पाहिलं नाही. पाहायचा धीरच झाला नाही.

झाकणाआड घडी घातलेली चिठ्ठी होती. बारीक, डावीकडे कललेले आकडे. ते अक्षर त्यांनी वीस वर्षं पाहिलं होतं.

त्यांनी बेरजा ताडून पाहिल्या. सातवी आडवी चुकली. अकरावी उभी चुकली. तिथला आकडा त्यांनी दुरुस्त केला आणि खरखर थांबली. यंत्र मुकाट उघडलं. पडद्यावर आईचे शब्द उमटले.

"उशाशी बसलीस, हात धरलास. सगळं कळत होतं गं. आता जरा झोप."

मुलगी तोंडावर रुमाल धरून रडली. "तुमचे उपकार कसे फेडू, ताई?"

"माझे नाहीत गं," ताई म्हणाल्या. त्यांचेही डोळे भरून आले होते.

ती गेल्यावर ताईंनी खुर्चीजवळचा पेला उचलला. उस्ताद गेले त्या दिवशी त्यात एक कोरी, लांब पेन्सिल त्यांनीच ठेवली होती. आता ती अंगठ्याएवढी उरली होती. मग त्यांनी फळीवरच्या, आपणच चिठ्ठीविना बंद केलेल्या डब्या एकेक करून उघडल्या. प्रत्येकीत चिठ्ठी होती.

"चुकले, उस्ताद," त्या हळूच म्हणाल्या. "उद्यापासून मीच मांडते. तुम्ही आता बसा निवांत."

जाताना मात्र त्यांनी पेल्यात एक नवी पेन्सिल ठेवली, टोक न केलेली. सकाळी कुलूप काढलं तेव्हा तिला टोक केलेलं होतं.