बाहेरून तीन, आतून दोन

दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. मंगळवार, १३ ऑगस्ट २०२४. हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मिक्सर सुरू झाला, तेव्हा रुपराव आत होता.

पाच सेकंदांत मिक्सर बंद केला. तोवर सगळं संपलं होतं.

कारखान्याचं नाव देत नाही. बाकी तारखा आणि माणसं आहेत तशीच सांगतो. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

तिथे भट्टीला लागणाऱ्या विटा बनतात. त्यांची माती कालवायला खोलीएवढा लोखंडी ड्रम आहे. आत पाती. माती चिकटली की माणूस झाकणातून खाली उतरतो आणि खरवडून काढतो. चालू करायचं बटण ड्रमच्या पलीकडे, भिंतीवर. तिथून झाकण दिसत नाही.

आधी फ्यूज काढायचा, हा नियम कागदावर होता. चालत होता तो रिवाज. बटणापाशी उभा असलेला माणूस ड्रमवर पान्यानं तीन ठोके द्यायचा. आत कुणी असेल, तर तो दोन ठोके परत द्यायचा.

उत्तर आलं नाही, की बटण.

त्या दिवशी बटणावर प्रेमानंद होता. सोळा वर्षं तो हेच काम करत होता. कामगार कार्यालयाच्या चौकशीत त्यानं सही करून दिलं, 'मी तीन ठोके दिले. आतून उत्तर आलं नाही.' अहवालात आलं, मृत कामगारानं ठरलेला इशारा दिला नाही. चूक रुपरावची.

प्रेमानंदनं ठोके दिलेच नव्हते.

माल तुंबला होता. सुपरवायझर चंपतराव लांबून, ऑफिसच्या दारातून ओरडत होता. रुपराव जेवायला गेला असेल, असं प्रेमानंदनं धरलं आणि बटण दाबलं. हे त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

मिक्सर दोन महिने बंद राहिला. ऑक्टोबरात पुन्हा सुरू करायचं ठरलं. त्या सकाळी प्रेमानंदनं पाना उचलला आणि मोजून तीन ठोके दिले.

शेड शांत होती...

आणि आतून उत्तर आलं.

ठण्. ठण्.

तो धावत पलीकडे गेला. झाकण उघडलं. टॉर्च मारला.

ड्रम रिकामा होता.

"लोखंड हाय गा ते," चंपतराव म्हणाला. "तापते, थंडं होते, वाजते. त्याले काय भ्यायचं?"

लोखंड वाजतं, हे खरं. पण विचारल्यावर वाजत नाही. मोजून दोनदा तर नाहीच.

दुसऱ्या दिवशीही उत्तर आलं. तिसऱ्या दिवशीही. आधी माणसं दर वेळी झाकण उघडून पाहायची. मग सवयीनं चेष्टा सुरू झाली. "रुपरावभाऊ हजर हायेत, मस्टरवर घ्या त्याइले!" झाकण उघडून पाहणं हळूहळू बंद पडलं. रोज कोण उघडणार?

आता आतून उत्तर आलं, तरी बटण दाबलं जात होतं.

२८ जानेवारी २०२५. प्रेमानंद डबा खाऊन परतला. मधल्या वेळात फिटर स्वानंद पात्याचा बोल्ट कसायला ड्रममध्ये उतरला होता. हे प्रेमानंदला कुणी सांगितलं नाही.

त्यानं तीन ठोके दिले.

ठण्. ठण्.

"रोजचंच हाय ते," चंपतराव म्हणाला. "दाब."

त्याचं बोट बटणावर गेलं...

ठण्. ठण्.

इतक्या महिन्यांत एकदा विचारल्यावर उत्तर दोनदा कधीच आलं नव्हतं.

"काहून थांबला गा?" चंपतराव ओरडला.

प्रेमानंदनं हात काढला. झाकणाकडे धावला. आत स्वानंद उकिडवा बसला होता, मातीत हात घालून काहीतरी चाचपत.

त्याला वर ओढून घेतलं, तेव्हा त्याला कळलं काय होणार होतं. तो खालीच बसला. "पण मी ठोकलं ना भाऊ!"

"हो. दोनदा ठोकलं तू. म्हणून वाचला."

"नाही भाऊ. एकदाच. मंग पाना सुटला हातातून. तोच शोधून राहिलो होतो."

पाना मातीत सापडला. दुसऱ्यांदा कुणी ठोकलं, हे तिथे कुणी विचारलं नाही.

त्या रविवारी प्रेमानंद एसटीनं नरखेड तालुक्यातल्या रुपरावच्या गावी गेला. रुपरावची बायको गोपिका ओसरीवर कापूस निवडत होती. त्यानं तिला सगळं सांगितलं.

तिचे हात थांबले. "म्हंजे यायनं उत्तर देल्लंच असतं?"

"हो वयनी. विचारलं असतं तर."

तिनं हातातला कापूस टोपलीत टाकला.

"लोकं म्हनत, पेंगला असन आत. पोरगीही तसंच म्हनते आता, भाऊजी." मग ती उठली. "मले काहून सांगता? जिथं खोटं लिवून देल्लं, तिथं सांगा."

प्रेमानंदनं अर्ज लिहिला. नोकरी जाईल, केस होईल, हे त्याला दिसत होतं. अर्ज खिशात ठेवून त्यानं आधी बदली मागून घेतली. पॅकिंगच्या खोलीत. तिथे मिक्सरचा आवाजही पोचत नाही. खोलीला पत्र्याच्या भिंती आहेत, मागे नाली आणि बाभळी.

सोमवार, १७ फेब्रुवारी. सकाळचे अकरा. तो विटांच्या पेट्या बांधत होता.

मागच्या पत्र्यावर आवाज आला...

ठण्. ठण्. ठण्.

पेट्यांवर लेबलं लावणाऱ्या सुहासिनीबाईंनी मान वर केली. "कोन ठोकून राहिलं भाऊ?" त्या मागे जाऊन पाहून आल्या. नालीतला गाळ जसाच्या तसा होता. एकही पाऊल नाही.

प्रेमानंद आत उभा होता. हातात पाना नव्हता. यावेळी आतला माणूस तो होता, आणि विचारणारा बाहेर.

तेव्हापासून ठोके रोज येतात. सुहासिनीबाईंनी दुसरी जागा मागून घेतली आहे. मिक्सरमधून आता काहीच उत्तर येत नाही.

गुरुवार, ६ मार्चपर्यंत तो अर्ज कामगार कार्यालयात पोचलेला नव्हता. आणि प्रेमानंदनं त्या ठोक्यांना अजून उत्तर दिलेलं नाही.