अर्धा करंट

ही गोष्ट खोटी वाटली तर खुशाल वाटू द्या. मी शपथा घेत बसणार नाही. हे माझ्या बाबतीत घडलंय, भर दुपारी घडलंय, आणि ते मशीन आजही आमच्या घराखालच्या वर्कशॉपमध्ये चालू आहे.

आमचे हे लोखंड तापवायची मशीनं बनवतात. तांब्याच्या वेटोळ्यात सळई ठेवायची, बटण दाबायचं, की सळई लालभडक. विस्तव नाही, धूर नाही. सगळी करामत इन्व्हर्टरची. घरातली लाईट गेल्यावर लागतो तो नव्हे. हा करंट इतका झरझर उलटसुलट फिरवतो की त्याचा आवाज माणसाच्या कानाला ऐकूच येत नाही.

हे नीट लक्षात ठेवा. आवाज येत नाही.

जाड सळईला एक इन्व्हर्टर पुरत नाही. मग दोन जोडीने लावतात. दोघांनी भार अर्धा अर्धा उचलायचा असतो.

आमच्याकडचा एक यांच्या पहिल्या बायकोने बनवलेला. ती वारली, मग मी आले. माझं शिक्षणही त्यातलंच. दुसरा इन्व्हर्टर मी बनवला.

खरं सांगू? मी तिच्यावर जळायचे. मेलेल्या बाईवर! तिचा फोटो घरात कुठेच नव्हता, पण हे येता-जाता तिच्या इन्व्हर्टरवरची धूळ पुसायचे. मला ताप आला तर मात्र दोनदा सांगावं लागायचं.

नणंद एकदा हसत म्हणाली होती, "वहिनी, ती आपलं काही कुणाला द्यायची नाही हं! साधा पाना मागितला तरी तोंड फुगायचं तिचं."

त्या रविवारी दोन्ही इन्व्हर्टर पहिल्यांदा एकत्र जोडले.

बटण दाबलं. तिच्या इन्व्हर्टरवरच्या करंट-मीटरचा काटा सरसर वर.

माझा… शून्यावर.

"वायर लांब-आखूड झाली असेल," हे म्हणाले. या कामात वीतभर वायरनेही वाटणी बिघडते. टेपने मोजल्या. अगदी सारख्या. मग मी माझ्या इन्व्हर्टरमधली तारेची कॉइल उकलून पुन्हा गुंडाळली. दोघांच्या जागाही बदलल्या.

तेच. सगळा भार तिच्याकडे.

"पहिल्यापासून हट्टीच आहे ती," हे कौतुकाने हसले.

आहे? माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

हे चहा टाकायला वर गेले. मी मेन स्विच बंद केला आणि तिच्या सगळ्या वायरी सोडवल्या.

"बस आता बघत," मी मोठ्याने म्हणाले, आणि मेन पुन्हा लावून माझा एकटीचा इन्व्हर्टर चालू केला.

माझा काटा जागचा हलला नाही.

आणि सळई… लाल व्हायला लागली.

शेजारी तिचा काटा वर चढत होता. तिची सुटी वायर माझ्या हातात होती. कोमट. कुणाचा तरी हात धरल्यासारखी.

मग ऐकू आली… बारीक गुणगुण.

कामात गढलेली बाई स्वतःशीच गुणगुणते ना, तशी.

मी जिन्याकडे एक पाऊल टाकलं. पण वायर टाकून पळाले तर हे कायमचे तिचे झाले, असंच डोक्यात बसलं. रडकुंडीला येऊन मी म्हणाले, "सगळे नाही देणार तुला. अर्धे घे."

गुणगुण थांबली.

माझा काटा उठला… आणि तिच्या काट्याच्या बरोबरीला येऊन थांबला.

मागे वळून पाहिलं. चहा घेऊन हे दारात उभे. जमिनीवर पडलेल्या वायरींकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

"जमलं की तुम्हा दोघींचं!" ते म्हणाले.

तेव्हापासून मशीन झकास चालतंय. तिच्या वायरी मी माझ्या हाताने परत जोडल्या. हे एक संध्याकाळ माझ्याजवळ बसतात, एक संध्याकाळ खाली. खालून त्यांचं हसणं ऐकू येतं. मी जिना उतरले की सगळं चिडीचूप. मेन स्विच बंद असतो. तिचा इन्व्हर्टर तेवढा कोमट लागतो.

मी दिलेला शब्द पाळतेय.

पण कालची संध्याकाळ माझी होती, आणि हे जेवण होताच खाली गेले. आज सकाळी मी मशीन लावलं…

माझा काटा अर्ध्याच्या जरासा खाली आहे.