खुर्चीची शिकवणी

हे घडलेलं आहे. माझ्या घरात, माझ्यासमोर, आणि एका ठिकाणी तर माझ्याच हातून.

भुताच्या गोष्टीत ज्यांना रात्र लागते त्यांनी इथेच थांबावं. इथे रात्र नाही. दुपारचे तीन वाजलेत आणि लख्ख ऊन आहे.

मी शाळेत शिकवते. उत्तरपत्रिका तपासून तपासून अशी सवय लागली आहे की काही लिहायला बसले की स्वतःलाच प्रश्न घालते. तसंच लिहिते. एखादा प्रश्न जड गेला तर तो सोडून पुढे जाईन आणि शेवटी त्याच्याकडे वळेन. मुलांनाही मी हेच सांगते.

प्रश्न १. घटना कुठे व कधी घडली?

दहावीची परीक्षा चौदा दिवसांवर आली होती तेव्हा.

खाली वडिलांचं बाइंडिंगचं दुकान. वर आमच्या दोन खोल्या. दिवसभर खालून कटिंग मशीनचा आवाज यायचा. खच्च... खच्च. कागदाची बारीक धूळ जिन्यावरून वर यायची आणि सगळ्यावर बसायची. कपाटावर, उशांवर, आमच्या भुवयांवरसुद्धा.

फक्त एका जागी ती कधीच बसली नाही.

त्या खुर्चीवर.

लाकडी खुर्ची. उजव्या हाताला लिहायची फळी. वडील एकदा शाळेची हजेरीपुस्तकं बांधून द्यायला गेले होते, तेव्हा अडगळीतून घेऊन आले.

"चांगली आहे की. फेकतायत कशाला?" वडिलांनी शिपायाला विचारलं होतं.

"परीक्षेला हिच्यावर कुणी बसत नाही, मालक. न्या तुम्ही."

वडिलांना फुकटचं लाकूड मिळालं. बाकीचं त्यांनी ऐकलंच नाही.

प्रश्न २. फरक स्पष्ट करा: मी आणि काडी.

काडी माझी मावसबहीण. मावशीची बदली लांब झाली म्हणून दहावीला आमच्याकडे राहायला आली. अंगाने इतकी बारीक की पहिल्याच दिवशी वडील म्हणाले, "ही काडी पुस्तकात खूण म्हणून ठेवता येईल." नाव चिकटलं.

मी तिच्यापेक्षा तीन महिन्यांनी मोठी. ती मला ताई म्हणायची. त्या 'ताई'त थोडी मस्करी असायची.

मी अभ्यासाचं वेळापत्रक पाच रंगांत केलं होतं. ते करण्यात दोन दिवस गेले. मग पुस्तकातल्या महत्त्वाच्या ओळी पिवळ्या केल्या. शेवटी पांढरी ओळ शोधावी लागायची.

काडी धडा एकदा वाचायची. पुस्तक मिटायची. आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीला तो समजावून सांगायची.

"ज्याला काही म्हणजे काहीच येत नाही त्याला सांगतोय असं समजायचं," ती म्हणाली होती. "जिथे अडखळलो, तेवढंच परत वाचायचं. बाकीचं येतंच आपल्याला."

"खुर्चीला कळतं का?"

"तुझ्यापेक्षा लवकर."

आई खालून पुस्तकाच्या दुमडलेल्या पानांचे फर्मे शिवता शिवता हसली. मी नाही हसले.

सहामाहीत ती पहिली आली. मी दुसरी. त्याआधी पाच वर्षं मी पहिली होते. आईने खिडकीजवळची जागा तिला दिली. "तिला उजेड लागतो गं." मला काय लागतं ते कुणी विचारलं नाही.

आमच्या शाळेतून निवासी विद्यालयात एकच मुलगी घेत. ज्या मुलीला सगळ्यात जास्त गुण, ती. मला त्या धुळीतून बाहेर पडायचं होतं. लहानपणापासून मी तेवढंच मागत होते. आणि ती माझ्याच घरात, माझ्याच खिडकीत बसून माझी जागा घेणार होती.

लोक म्हणतात पोटात दुखतं. तसं नसतं. घशात बाइंडिंगची खळ वाळल्यासारखं होतं. थुंकताही येत नाही, गिळताही येत नाही.

प्रश्न ३. जिन्यावरून काय ऐकू आलं?

मी जिन्याच्या वरून तिसऱ्या पायरीवर बसून ऐकायचे. रोज. दुपारी तीन वाजून पाच मिनिटांनी वडील चहाला थांबायचे, मशीन बंद व्हायचं, आणि वरचं सगळं स्वच्छ ऐकू यायचं.

"...म्हणून पानातलं पाणी कमी होतं. कळलं?"

शांतता.

"नाही, ते कालचं. हे वेगळं आहे."

शांतता...

"अरे, विचार ना. लाजतोस काय."

मला वाटलं, नाटकी आहे नुसती.

मग फळी करकरली.

कुणी कोपर टेकवून पुढे वाकावं, तशी. काडी खुर्चीपासून चार हात लांब होती. दाराच्या फटीतून मला तिच्या चपला दिसत होत्या.

ती शांतपणे म्हणाली, "नाही. शेवटचा मुद्दा सांगणार नाही. तो माझा."

आणि कात्रीचा बारीक आवाज.

दर धड्याला ती असंच करायची. सगळं सांगायची, शेवटचा एक मुद्दा ठेवून. तो कातरणाच्या कागदावर लिहायची, घडी घालायची, वर धड्याचं नाव टाकायची, आणि बटणांच्या जुन्या डब्यात ठेवायची.

मी एकदा विचारलंच. "डब्यात काय आहे गं?"

"ताई, एक सांगू? त्याला सगळं कधी द्यायचं नाही. शेवटचं आपल्याकडे ठेवलं, की तो परत ऐकायला येतो. आणि आपलं आपल्याजवळ राहतं. समजा सगळं दिलं तर..."

"मला शिकवू नकोस," मी म्हणाले.

तिने वाक्य सोडून दिलं.

ते तिने मुद्दाम सोडलेलं शेवटचं वाक्य.

प्रश्न ४. त्या दुपारी तुम्ही काय केलंत?

हा सोडते. वेळ उरला तर बघू.

प्रश्न ५. परीक्षेचा निकाल काय लागला?

मी पहिली आले. चार गुणांनी.

बाईंनी बोर्डातल्या ओळखीने काडीचे पेपर मिळवले आणि मला दाखवले. त्या गोंधळल्या होत्या. "अक्षर बघ, मांडणी बघ. एक चूक नाही. पण प्रत्येक उत्तरात शेवटचा मुद्दा नाही. एकाही उत्तरात नाही. वेळ पुरला नाही का तिला?"

वेळ होता. ती माझ्या पुढे दोन बाक सोडून बसली होती. मी तिची पाठ बघत होते. ती भराभर लिहायची, मग थांबायची. पेन कागदाच्या वर तसंच धरून. डोकं थोडं वाकडं करून, कुणी कानात सांगेल म्हणून वाट बघावी तशी.

मग पुढचा प्रश्न.

शेवटच्या पेपरनंतर आम्ही घरी चालत आलो. ती जिना चढली आणि शेवटच्या पायरीआधी थांबली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही..."

मला वाटलं, "काही नाही" म्हणायचं असेल. मी हात धरून तिला वर घेतलं. हात गार होता.

परीक्षेच्या गडबडीत जे सुटलं होतं ते त्या आठवड्यात आईच्या लक्षात आलं. काडी वेणी घालते, पण शेवटचा पेड सुटाच ठेवते. ताटातला शेवटचा घास तसाच राहतो. दिवा मालवायला उठते आणि बटणापर्यंत हात नेऊन उभी राहते. आणि बोलताना...

"मावशी, मला जरा पाणी..."

"ताई, तू कधी..."

"मला ना, खूप भीती..."

डॉक्टर म्हणाले, परीक्षेचा ताण. विश्रांती द्या. माझी मावशी, म्हणजे तिची आई, येऊन तिला घेऊन गेली, महिन्याभराने परत आणून सोडलं. तिकडे ती झोपेनाच. इथे आली, सरळ वर गेली, आणि त्या खुर्चीत बसली.

त्याआधी ती कधीच त्या खुर्चीत बसलेली नव्हती.

मी निवासी विद्यालयात गेले. खिडकी मिळाली. धूळ नव्हती. पहिली रात्र मी शांत झोपले, हे खरं सांगते. दुसऱ्यापासून नाही.

आता काडी दुकानात काम करते. फर्मे दुमडते, शिवते. तिच्यासारखा टाका कुणाचा पडत नाही, असं वडील म्हणतात. फक्त शेवटची गाठ ती मारत नाही. दोरा तसाच लोंबत ठेवून पुस्तक पुढे सरकवते. वडील गाठ मारतात. इतकी वर्षं.

प्रश्न ४.

वेळ उरला आहे.

त्या दिवशी आई आणि काडी दोघी बाजारात गेल्या होत्या, सुती दोरा आणायला. वडील खाली. मशीन चालू. खच्च... खच्च.

मी बटणांचा डबा काढला. मूठभर घड्या होत्या. मला वाटलं होतं, तिचे शेवटचे मुद्दे पाठ करू आणि विषय संपवू. तेवढंच ठरवलं होतं.

मग खुर्चीकडे बघितलं. तिचं वाक्य आठवलं. समजा सगळं दिलं तर...

तर काय, ते मला माहीत नव्हतं. पण काडीला त्याची भीती वाटत होती, एवढं माहीत होतं.

तेवढं मला पुरलं.

मी खुर्चीसमोर बसले. पहिली घडी उघडली आणि मोठ्याने वाचली.

काही झालं नाही.

दुसरी वाचली. फळी करकरली.

तिसरी. खालचं मशीन थांबलं... तीन वाजून पाच मिनिटं झाली असावीत.

मी थांबले नाही. विज्ञान, भूगोल, गणित. मी वाचत गेले आणि बसायच्या लाकडावरचं ऊन हळूहळू कमी होत गेलं. ढग नव्हता. बाजूच्या भिंतीवर ऊन तसंच होतं. फक्त खुर्चीवर ते पोचत नव्हतं. मध्ये कुणीतरी असल्यासारखं.

मला भीती वाटली का? वाटली. पण तिच्याखाली दुसरं काहीतरी होतं, आणि ते गोड होतं. माझ्या समोर कुणीतरी कान देऊन बसलं होतं. त्या घरात वर्षभर माझं कुणी इतकं मन लावून ऐकलं नव्हतं.

शेवटची घडी हातात आली.

हिच्यावर धड्याचं नाव नव्हतं. काडीच्या बारीक अक्षरात एकच शब्द होता.

'ताई'.

मी ती उघडणार, तेवढ्यात...

"आणि शेवटचं?"

आवाज खुर्चीतून आला. बाईचा नाही, पुरुषाचा नाही. खूप दिवस पाणी न प्यालेल्या माणसाचा. अदबीने विचारत होता. वर्गातला हुशार मुलगा विचारतो तसा.

जिन्यावर पावलं वाजली. आई आणि काडी आल्या होत्या. मी घडी मुठीत दाबली, बाकीच्या डब्यात कोंबल्या. काडी दारात आली, खुर्चीकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिला कळलं होतं.

ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "सगळं सांगितलंस, ताई?"

"मी काही केलं नाही," मी म्हणाले.

ते तिचं शेवटचं पुरं वाक्य. त्याला मी दिलेलं उत्तर हे असं.

(प्रश्न संपले. पुरवणी.)

ती घडी माझ्याकडे आहे. मी अजून उघडलेली नाही.

काडीने माझ्याबद्दल काय लपवून ठेवलं होतं? ती माझ्यावर हसत होती? की तिला माझा लोभ होता? दोन्हीतलं एकही मला सोसणार नाही. आणि एकदा वाचलं, की मला माहीत होईल. मला माहीत झालं, की खुर्चीतलं ते विचारेल. त्याने विचारलं की कसं वाटतं, हे मला माहीत आहे. सांगितल्याशिवाय राहवत नाही.

कधी वाटतं, घडी काडीच्या हातात द्यावी. तिचं शेवटचं तिला परत. कदाचित गाठ मारेल. कदाचित शेवटची पायरी चढेल.

पण दुकानातलं काम सोडलं तर ती सतत त्या खुर्चीत असते. तिच्या हातात दिलेलं नक्की कुणाकडे जाईल?

वर्गात मी मुलांना अभ्यासाचं सगळं सांगते. थोडं थोडं वाचा, पुस्तक मिटून आठवा, जुने पेपर सोडवा, झोप पुरी घ्या. ती एक पद्धत तेवढी सांगत नाही. गेल्या वर्षी एका मुलीने स्वतःच शोधून काढली. मी तिला म्हणाले, भिंतीला सांग. माणसाला सांग. बसायच्या जागेला नको. ती हसली.

सुट्टी आहे म्हणून घरी आले आहे. हे वरच्या खोलीत बसून लिहिते आहे. समोर काडी खुर्चीत. कोपर फळीवर. केसांत पांढऱ्या बटा, शेवटचा पेड सुटा. तिच्या अंगावर कागदाची धूळ बसत नाही.

आत्ता, थोड्या वेळापूर्वी, खालचं मशीन थांबलं.

काडीने मान वर केली. माझ्याकडे बघून हसली. खूप दिवसांनी.

आणि म्हणाली, "ताई, शेवटचं आता सांगतेस?"

मी ते वाक्य पुन्हा पुन्हा मनात म्हणून बघितलं. काही राहिलं नव्हतं. शेवटचा शब्दही जागेवर होता.

इतक्या वर्षांत काडीने एकही वाक्य पुरं केलेलं नाही.

घडी माझ्या डाव्या मुठीत आहे. कागद ओला झाला आहे. ती अजून हसते आहे, डोकं थोडं वाकडं करून, आणि खाली वडिलांचा चहा संपलेला असूनही मशीन सुरू होत नाही.