तबकातला ड्राफ्ट

"या उपनगरात असा माणूस अजून जन्माला आलेला नाही, जो सुहासिनी परुळेकरच्या नजरेतून निसटेल!"

खासगी गुप्तहेर सुहासिनीबाईंनी हे वाक्य घाटकोपरच्या आपल्या ऑफिसातून, खिडकीबाहेरच्या गर्दीकडे बघत, एखाद्या सेनापतीच्या थाटात उच्चारलं. त्यांचे सहायक नंदकुमार यांनी भारावून मान डोलावली.

"मॅडम," मागून आवाज आला, "मी दहा मिनिटं झाली इथे बसलेय."

दोघंही दचकले. कोपऱ्यातल्या खुर्चीत वीसेक वर्षांची एक मुलगी मांडीवर फाइल घेऊन बसली होती.

"मी बघत होते, किती वेळ गप्प बसतेस ते," सुहासिनीबाई म्हणाल्या. "संयम आहे. बोल."

मुलीचं नाव अक्षता तेली. राहणार असल्फा. दहावीनंतर तिने डिप्लोमा केला, कारण तो स्वस्त पडतो. डिग्रीच्या फीचं नंतर बघू, असं घरात ठरलं होतं.

"ते 'नंतर' म्हणजे आज, मॅडम. अंधेरीच्या कॉलेजात इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला सीट लागलीय. कॉम्प्युटर. आज पाचच्या आत फी भरून हजर झाले नाही तर सीट गेली. कॉलेजला डीडीच लागतो. अठ्ठावन्न हजार चारशे. तीन वर्षं मी शिकवण्या घेतल्या, आईने डबे केले, आमच्या गावच्या मुंबई मंडळाने दहा हजार दिले. काल दुपारी डीडी काढला, संध्याकाळी आईने देवीसमोर ठेवला, आणि सकाळी तबकात नाही."

"दुसरा काढा," सुहासिनीबाई म्हणाल्या.

नंदकुमारांनी बँकेत छत्तीस वर्षं काढली होती. ते हळूच खाकरले. "अर्ज, हमीपत्र, चौकशी. आठ-दहा दिवस. शिवाय आज चौथा शनिवार. बँक बंद."

"आणि चोराला तो वटवता येईल?"

"कॉलेजच्या नावचा आहे. चोराला फार तर त्याचं विमान करता येईल."

"म्हणजे ज्याला काहीच मिळणार नाही, अशाने तो नेलाय," सुहासिनीबाई म्हणाल्या. "तबकाचा फोटो आहे?"

होता. आईनेच काढून गावच्या ग्रुपवर टाकला होता. समई, नारळ, मूठभर तांदूळ, प्लास्टिकच्या पाकिटातला हिरवा ब्लाउजपीस, आणि मधोमध कुंकवाचं बोट लावलेला लांबट कागद. खाली सत्तेचाळीस जणांनी हात जोडले होते.

साडेअकरा वाजले होते.

* * *

असल्फाच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर वनमालाताईंनी दार उघडलं. डोळे रडून सुजले होते, पण पाहुण्यांसाठी चहाचं आधण आधीच चढलं होतं.

"मी स्वतः ठेवला, ताई. गाऱ्हाणं घातलं, की देवी, माझ्या चेडवाक, ह्या अक्षताक, इंजिनीअर कर. वर परडीभर झेंडू वाहिला. सकाळी निर्माल्य काढते तर खाली कागद नाही! फुलं चार वेळा चाळली."

सुहासिनीबाईंनी देव्हारा पाहिला. तबकात नारळ होता, तांदूळ होते, पाकिटातला जांभळा ब्लाउजपीस होता. समईतून ओघळलेलं तेल तबकाच्या काठापर्यंत आलं होतं.

"काल संध्याकाळी घरात कोण कोण आलं?"

"हा देवेश, माझ्या नणंदेचा मुलगा. मग आठच्या सुमाराला शेजारची शकू. शुक्रवार होता ना, सवाष्ण दारात आली, रिकामी कशी पाठवणार? ओटी भरली."

"शकूताई आहेत घरी?"

"नाही हो. सकाळीच सांताक्रूझला गेली, भाचीचं डोहाळजेवण आहे. फोन लावला तर आत नुसती गाणी ऐकू येतात."

देवेश पलंगावर मोबाइल बघत बसला होता. त्यानेही यंदाच डिप्लोमा केला होता आणि त्याच कॉलेजच्या यादीत त्याचं नाव खाली लटकत होतं, हे कळताच नंदकुमारांचे डोळे चमकले. त्यांनी सुहासिनीबाईंना कोपराने ढोसलं.

"तू खोलीत एकटा होतास?" सुहासिनीबाईंनी विचारलं.

"पाच मिनिटं. मामी दूध आणायला गेली, अक्षता शिकवणीला. उकडत होतं म्हणून पंखा फुल्ल केला, बस्स."

"अक्षताची सीट गेली तर तुझा नंबर लागेल!" नंदकुमार गरजले.

"काका, तिचं कॉम्प्युटर, माझं मेकॅनिकल. तिची सीट घेऊन मी काय लोणचं घालू?"

नंदकुमार खाली बसले.

"तू निघालास तेव्हा घरात कोण होतं?"

"मामा आलेले. मोरीत कपड्याच्या पावडरीने हात घासत होते. रोज घासतात, उपयोग शून्य. आमच्या गणपतीच्या आरतीच्या पुस्तकावर पण त्यांचे छाप आहेत."

"मामांना अक्षताचं शिकणं पसंत आहे?"

चहा उतू गेला. वनमालाताई धावल्या.

"बाबा म्हणाले होते, नोकरी धर," अक्षता हळू आवाजात म्हणाली. "साकीनाक्याच्या एका कंपनीत डिप्लोमावाल्यांना सोळा हजार देत होते. गेल्या आठवड्यात मोठं भांडण झालं. तेव्हापासून आम्ही बोलत नाही."

जिना उतरताना नंदकुमार म्हणाले, "बाई, केस संपली. बापाने फाडून टाकला."

"नंदकुमार, तुम्ही इतक्या घाईने फक्त निकालाला पोचता. बँकेत थोडी घाई केली असती तर लोकांनी दुवा दिला असता."

* * *

साकीनाक्याच्या गाळ्यात तीन लेथ एकाच वेळी किंचाळत होते. अक्षताच्या वडिलांनी, काशीराम तेलींनी, आपलं मशिन थांबवलं, चिंधीने हात पुसले आणि पाहुण्यांना चहा सांगितला. नंदकुमारांच्या हाती काचेचा ग्लास देताना त्यावर एक काळाभोर अंगठा उमटला. त्यांनी तो पुसून पाहिला. निघाला नाही. ते दुसऱ्या बाजूने चहा प्यायले.

"आज सकाळी कधी निघालात?"

"सातांक. वनमालाचो फोन नऊ वाजता इलो."

"डीडीला हात लावलात?"

"माका काय ठावक?" काशीराम चटकन म्हणाले. "मी नोकरी कर म्हटलेलंय, ह्या खरां. म्हणान मी चोर?"

"चोर कोणी म्हटलं नाही. तुम्हाला काय वाटतं, कुठे गेला असेल?"

काशीरामांनी मान खाली घातली. ही त्यांची लेथवर वाकण्याइतकीच जुनी सवय असावी. "तोच इचार करतंय. प्लास्टिकातलो कागद, तेल लागूक नाय, पाणी लागूक नाय. देवीसमोरून गेलो खंय?"

सुहासिनीबाईंनी चहाचा शेवटचा घोट घेतला आणि उठल्या.

"मालकाकडून अर्धा दिवस सुट्टी घ्या, काशीरामभाऊ. आपल्याला सांताक्रूझला जायचंय. डोहाळजेवणाला."

"ह्या कपड्यांत?"

"ह्या कपड्यांत, आणि मुख्य म्हणजे ह्या हातांसकट."

दीड वाजला होता. अक्षताला आणि वनमालाताईंना फोनवर एवढंच सांगितलं गेलं, की फाइल घेऊन या, आणि येताना रडू नका. तिथे शुभकार्य आहे.

* * *

सांताक्रूझच्या त्या हॉलमध्ये फुलांच्या झोपाळ्यावर शकूची भाची सपना लाजून बसली होती. भोवती चाळीसेक बायका होत्या. गाणं रंगात आलं असतानाच दारातून एक गुप्तहेर, एक निवृत्त बँक कर्मचारी, एक रडवेली मुलगी, तिची आई आणि तेलाने माखलेला एक लेथ कामगार असे पाच जण आत आले. गाणं थांबलं.

"सपनाताई, दीर्घायुषी बाळ होऊ दे," सुहासिनीबाई म्हणाल्या. "पाच मिनिटं द्या. इथे एका मुलीचं कॉलेज हरवलंय."

बायकांनी पटापट खुर्च्या वळवल्या. फुकटची करमणूक कोण सोडणार?

"प्रश्न पहिला," सुहासिनीबाईंनी बोट वर केलं. "डीडी चोरून कोणाला फायदा? कोणालाच नाही. देवेशला सीट उपयोगाची नाही. मग डीडी चोरीला गेलेलाच नाही. तो कोणीतरी हलवलाय, आणि तोही त्या कागदाच्याच भल्यासाठी."

"भल्यासाठी?" अक्षताने विचारलं.

"फोटोत कागद उघडा आहे. आईने सांगितलं, कागदच ठेवला. पण एक माणूस मला म्हणाला, 'प्लास्टिकातला कागद'. ज्याने तो प्लास्टिकात घातला, त्यालाच हे माहीत असणार. काशीरामभाऊ?"

सगळे काशीरामांकडे बघू लागले. ते बराच वेळ चपलेने फरशी उकरत राहिले.

"समईचा तेल सरकत इलेला," शेवटी ते म्हणाले. "पंखो जोरात होतो. कागद तेलात पडलो असतो तर कॉलेजवाले घेतले असते? हात धुतलंय, पण हात माझे असले. कुंकू लागला तर चलता, ग्रीस लागला तर काय? म्हणान फुलांखालचो कागद कोपऱ्याक धरून त्या ब्लाउजपीसच्या पाकिटात सरकवलंय. मग भजनाक गेलंय."

"मग सकाळी सांगितलं का नाही, बाबा?"

"वनमाला म्हणाली, तबक सगळां बघून झालां. मगे माझ्यार कोण इश्वास ठेवतलो? घरात मीच एकटो नको म्हणत होतंय. तुका वाटला असता, बापसान मुद्दाम लपवल्यान."

अक्षता सरकून त्यांच्या शेजारी उभी राहिली.

"प्रश्न दुसरा," सुहासिनीबाईंनी पदर खोचला. "काल तबकात ब्लाउजपीस हिरवा होता, आज जांभळा आहे. आठ वाजता शकूताई आल्या. वनमालाताई, ओटीसाठी हाताशी काय होतं?"

"अगो बाय माझे!" वनमालाताईंनी तोंडावर हात ठेवला. "देवीसमोरचाच उचलला! कपाटातला काढायला कंटाळा केला. नंतर देवीला जांभळा ठेवला."

"प्रश्न तिसरा. शुक्रवारी रात्री ओटीत ब्लाउजपीस मिळालेली बाई शनिवारी दुपारी डोहाळजेवणाला जाते. ती काय घेऊन जाते?"

चाळीस बायका एकदम छताकडे बघू लागल्या.

"मी दादरहून नवाकोरा आणलाय हं!" गर्दीतून शकू ओरडली.

"अर्थात," सुहासिनीबाई म्हणाल्या. "तरी एकदा ढीग बघू."

ढिगात छत्तीस पाकिटं होती, त्यांतली चौदा हिरवी. नंदकुमार उत्साहाने पहिलं पाकीट फोडायला धावले, तोच सपनाची सासू द्रौपदीबाई आडव्या आल्या.

"खबरदार! फोडलेलं पाकीट पुढे कोणाला देणार?"

पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं गुपित द्रौपदीबाईंनी माइकशिवाय जाहीर केलं होतं. जिच्या तिच्या नजरेसमोर आपापल्या पाकिटाचा मागचा प्रवास उभा राहिला. एकीला तर आपण आणलेलं पाकीट आपल्याला द्रौपदीबाईंकडूनच मिळालं होतं, हे आठवलं.

"फोडायचं नाही," सुहासिनीबाई शांतपणे म्हणाल्या. "हे पाकीट न फोडता ओळखता येतं. काशीरामभाऊंनी डीडी कोपऱ्याला धरला, पण पाकीट उघडायला ते अंगठ्याने दाबावंच लागतं. आणि त्यांचा अंगठा कपड्याच्या पावडरीलाही दाद देत नाही. नंदकुमार, तुमचा चहाचा ग्लास आठवा."

नंदकुमारांनी चौदा हिरवी पाकिटं एकेक करून, बँकेत नोटा उजेडात धरत तशी, खिडकीसमोर धरली. नवव्या पाकिटावर उजव्या कोपऱ्यात स्पष्ट, गोल, काळा अंगठा होता.

"पण हे नवंकोरं, दादरहून..." शकू पुटपुटली.

"दादरला लेथ नाहीत, शकू," वनमालाताई म्हणाल्या.

पाकिटाचं तोंड नुसतं दुमडलेलं होतं. सुहासिनीबाईंनी दोन बोटांनी ब्लाउजपीसची घडी उचलली. आत कुंकवाचं बोट लावलेला, एकही सुरकुती न पडलेला, अठ्ठावन्न हजार चारशेचा डीडी होता.

चाळीस बायकांनी एकदम टाळ्या पिटल्या. सपना झोपाळ्यावरून उठायला निघाली, तिला सहा जणींनी खाली बसवलं. गाणं पुन्हा सुरू झालं, आधीपेक्षा दुप्पट मोठ्याने. द्रौपदीबाईंनी वनमालाताईंना जवळ ओढून ओटी भरली. कशाने भरली, हे कोणी विचारलं नाही.

अक्षताने डीडी वडिलांपुढे धरला. "बाबा, काउंटरवर तुम्हीच द्यायचा."

"माझे हात..."

"त्या हातांनीच."

तीन वाजून दहा मिनिटांनी दोन रिक्षा अंधेरीकडे निघाल्या. पुढच्या रिक्षातून काशीराम चालकाला प्रत्येक सिग्नलला सांगत होते, "जरा जोरात मारा, माझा चेडू इंजिनीअर होतला!" चौथ्या सिग्नलपर्यंत चालकही शेजारच्या रिक्षावाल्यांना ते सांगू लागला.

चार वाजून वीस मिनिटांनी, दोन रांगा आणि एक चुकीचा मजला पार करून, काशीराम तेलींनी प्रवेशाच्या खिडकीत डीडी सरकवला. आतल्या मॅडमनी तो उलटसुलट पाहिला, आकडा जुळवला, अक्षताची गुणपत्रिका, दाखला, फॉर्म तपासला आणि धाडकन शिक्का मारला.

"प्रवेश झाला. कॉम्प्युटर, दुसरं वर्ष."

वनमालाताईंनी तिथेच, खिडकीला, हात जोडले. काशीराम लेकीच्या डोक्यावर हात ठेवायला गेले, हाताकडे बघून थबकले. मग तिनेच तो ओढून आपल्या डोक्यावर ठेवला. नंदकुमार भिंतीकडे तोंड करून डोळे पुसू लागले. सुहासिनीबाईंनी मान ताठ केली, दीर्घ श्वास घेतला. इतिहास त्यांच्या पहिल्या शब्दाची वाट बघत होता.

तेवढ्यात खिडकीतून मॅडमचं डोकं बाहेर आलं.

"अहो, तुमच्यापैकी कोणाकडे गम आहे का? फोटो चिकटवायचाय, आमचा संपलाय."