दोघे होते म्हणून

अर्पिताचा तिसरा उरकला त्याच सकाळी मुरुम गावच्या रक्तकेंद्रातून वैष्णवीला फोन आला. "मॅडम, लवकर या. लोक धनाजीला मारतील."

वैष्णवी कॉलेजात संगणक शिकवायची. दुर्मीळ गटाचे रक्तदाते बोलावण्याचा केंद्रातला प्रोग्राम तिच्याच विद्यार्थ्यानं, कृष्णराजनं, फुकट लिहून दिला होता. बाळंतपणात रक्त न मिळून गेलेली अर्पिता त्याचीच थोरली बहीण.

केंद्रातला रातपाळीचा शिपाई धनाजी कोपऱ्यात उभा होता. शर्टाची बाही फाटली होती.

"त्या रात्री बटण दाबलं होतं का, काका?" वैष्णवीनं विचारलं.

"दाबलं की. 'फोन गेला' असं हिरव्या अक्षरात आलं. म्या वाट बघत बसलो."

"स्वतः का नाही लावला?"

"नंबर आमाला दिसत न्हायत, बाई. मशीनच लावतंय."

श्रीमंत हा अर्पिताच्याच गटाचा दाता. तो मान खाली घालून म्हणाला, "पोळ्याला बोलवलं तवा पळत आलो होतो. तवा यादीत म्या एकलाच होतो. या बारीला फोन वाजलाच न्हाय. ह्या माझ्या धाकट्या भावाचा, वीरभद्रचाबी न्हाय, त्यानं गेल्या आठवड्यात नाव घातलंय."

"झोपला असणार हा धनाजी," कृष्णराज म्हणाला. बुडत्याला काडीचा आधार, तसा त्याला रागाचा होता.

वैष्णवीनं यादीतून वीरभद्रचं नाव काढून बटण दाबलं. श्रीमंतच्या खिशात फोन वाजला. नाव परत घालून पुन्हा दाबलं. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली, पण दोघा भावांचे फोन मुकेच राहिले.

धनाजी मटकन खाली बसला आणि रडू लागला.

"कृष्णा, एक दाता असला की त्याची एक नोंद येते, ऑब्जेक्ट," वैष्णवी म्हणाली. "दोघे असले की नोंदींची रांग येते, ॲरे. तू टाइपऑफनं विचारलंस, ऑब्जेक्ट आहे का? जावास्क्रिप्ट रांगेलाही ऑब्जेक्टच म्हणते. मग प्रोग्रामनं रांगेलाच नंबर मागितला. रांगेला कुठला नंबर? फोन लागला की नाही ते न बघताच हिरवी अक्षरं आली. आधी 'ही रांग आहे का' हे इझॲरेनं विचारायचं तुझं राहून गेलं. श्रीमंत एकटाच असता, तर फोन गेला असता."

कृष्णराजनं पडद्यावरच्या वीरभद्रच्या नावावर बोट ठेवलं.

"वीरभद्रला मीच गळ घातली होती, मॅडम. ताईचे दिवस भरत आले होते. एकाला दोघं असावेत, म्हणून."

धनाजी उठला. फाटक्या बाहीनंच त्यानं कृष्णराजचे डोळे पुसले.