न बांधलेल्या घराची सावली

आमची जमीन आम्ही फोनच्या पडद्यावर पाहूनच घेतली. ॲरिझोनाच्या आग्नेय कोपऱ्यात, विल्कॉक्सच्या पलीकडे, चाळीस एकर माळ. वीज नाही, विहीर नाही. काटेरी मेस्कीटची झुडपं आणि माती, बस्स. ओहायोतलं घर विकून मे महिन्यात आम्ही ट्रेलर ओढत इथं आलो. परत जावं असं तिकडे काही उरलं नव्हतं. काळजी एकच होती, माझ्या नवऱ्याच्या, डेलबर्टच्या हृदयाची. "कोरडी हवा मानवेल," डॉक्टर म्हणाले होते, "पण ऊन टाळा."

म्हणून मुक्कामाची जागा त्यानंच निवडली. खुर्ची काखेत मारून माळभर हिंडला आणि एके ठिकाणी बसला.

"नोरीन, इथं गार आहे गं!"

खरंच गार होतं. झाड नव्हतं, खडक नव्हता, तरी मातीवर सावली होती. प्रवासाच्या शिणात आम्ही वर पाहिलंच नाही. सावलीच्या पूर्वेला ट्रेलर लावला आणि झोपलो.

मी जन्मभर वीज कंपनीत मीटर तपासले. दुसऱ्या दिवशी सोलर पॅनल मांडलं, तर मीटरचा काटा हलेना. तारा पाहिल्या, जोड पाहिले. पॅनल हातभर बाजूला, उन्हात सरकवलं, तर काटा उसळून वर गेला. परत आत ओढलं, पडला. वर निळं, कोरं आकाश. माणसाच्या डोळ्यांना भूल पडते. तांब्याच्या तारेला पडत नाही.

सूर्य सरके तशी ती सावली सरके. सकाळी पश्चिमेला पसरलेली, दुपारी अंग आखडून बसलेली, संध्याकाळी ट्रेलरच्या पायरीशी आलेली. एकदा मी तिच्या कडेकडेनं दगड मांडत गेले. कड सरळ निघाली. मग कोपरा आला. मग उतरतं छप्पर, आणि छपरावर धुरांडं.

"डेल, हे घर आहे."

"भाडं मागायला कोणी आलं तर उठव मला," तो म्हणाला आणि टोपी डोळ्यांवर ओढून घेतली.

मी हसले. त्याच्या ओठांचा निळेपणा गेला होता. श्वास संथ झाला होता. जून तापला, मातीला हात लावला तरी पोळे, आणि हा माणूस पोराटोरासारखा शीळ घालत बसलेला. म्हणून मी विषय वाढवला नाही.

पलीकडच्या माळावर जुन्या शाळेच्या बसमध्ये राहणारी म्हातारी ओपल अंडी घेऊन आली. सावलीच्या कडेशी आली आणि थांबली, भर उन्हात.

"आत ये की," डेलबर्ट म्हणाला.

"नको रे बाबा. मी उन्हात वाळलेली बाई. मला आता मुरवू नकोस."

तिला गाडीपर्यंत सोडताना मी विचारलं, "इथं पूर्वी घर होतं का हो?"

"कधीच नाही, पोरी. माझं आयुष्य गेलं इथं." तिनं इंजिन सुरू केलं, पण गाडी हलवली नाही. "गेल्या उन्हाळ्यात इथून गेले, तेव्हा सावलीला नुसत्या भिंती होत्या."

त्या दिवसापासून मी डेलबर्टवर डोळा ठेवला. घरासाठी आणलेली लाकडं तशीच पडून होती. तो सावलीत कुठूनही शिरत नसे. फिरून एकाच जागी यायचा, तिथं बूट पुसायचा उघड्या मातीवर, आणि मग आत पाऊल टाकायचा. जेवताना त्याचा हात माझ्या हाताला लागला, तर तळघरातल्या बटाट्यासारखा थंड.

"ट्रेलर दुसऱ्या टोकाला नेऊ," मी म्हटलं. "मी मांडव घालते तुझ्यासाठी."

"तुझ्या मांडवात माझी एक दुपार निघणार नाही, नोरी." त्यात थट्टा नव्हती.

"निदान बाहेर ये. हात दे."

त्यानं हात पुढे केला. बोटं उन्हात आली तशी त्याच्या कपाळावर घाम डवरला, श्वास घशात अडकला. डोळे माझ्याकडे लागलेले.

मीच त्याचा हात परत आत ढकलला.

पुढच्या आठवड्यात टाकीतलं पाणी संपलं. मी पिकअप घेऊन गावात पाणी भरायला गेले. परतले तेव्हा ऊन कललं होतं.

खुर्ची रिकामी होती.

हाका मारल्या. माळानं एकही परत केली नाही. त्याची पावलं बूट पुसायच्या जागेपर्यंत होती. पुढची माती स्वच्छ झाडलेली.

मग सावलीत मला उन्हाचा एक चौकोन दिसला. खिडकी उघडी होती.

चौकोनात एक डोकं होतं. एका कानानं कमी ऐकणारा डेलबर्ट धरतो तसं, किंचित कललेलं.

"डेल?"

डोकं वळलं. मातीवर नाक उमटलं, हनुवटी उमटली.

मी पुढे गेले. खिडकी हळूच मिटली.

शेरीफची माणसं आली, कुत्री माळभर फिरली, काही मिळालं नाही. दूर दुसऱ्या राज्यात राहणारी आमची मुलगी फोनवर रोज म्हणते, "आई, विकून टाक ती जागा, इकडे ये." मी म्हणते, बघू. याला इथं एकटं टाकून कुठं जाऊ?

आता ऑगस्ट संपत आला आहे. सावलीला ट्रेलरच्या बाजूनं एक नवी खोली निघते आहे. आधी दोन खांब दिसले, मग भिंत चढली. दुपारी माझं अंथरूण गार लागतं.

काल त्या भिंतीत खिडकी बसली. नेहमीपेक्षा खाली ठेवली आहे. माझ्या उंचीच्या बाईला बसल्या बसल्या बाहेर पाहता येईल, इतकी.