सोन्याचा प्लग, चांदीचा प्लग

टेबलावर बारा प्लग होते. चार सोन्याच्या मुलाम्याचे, चार चांदीच्या, चार निकेलच्या. मी आईचे पैंजण उजळायला सराफांच्या गुजरीत, एका मुलामा देणाऱ्या दुकानात आले होते, पण नजर तिथेच अडकली.

"स्पीकरच्या वायरीचं हाईत," दुकानातला तरुण म्हणाला. "चांदीचा लावला की आवाज उजळ येतोय. सोन्याचा जरा मऊ."

"मुलामा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा असतो. सोनं गंजत नाही म्हणून लावतात... गातं म्हणून नाही."

तो हसला. "फिजिक्स व्हय?"

"एम.एस्सी. मी दीक्षा."

"मी अनेकांत. घ्या की परीक्षा! दहापैकी आठ ओळखलं तर माझ्यासंगं पन्हाळ्याला यायचं."

"नाही ओळखलं तर?"

"तर परत न्हाय इचारणार."

रविवारी मी मीटर घेऊन गेले. दोन्ही वायरींचा आवाज सारखा केला. त्याच्या डोळ्यांवर माझी ओढणी बांधली.

"ओढणीला वास येतोय..."

"कसला?"

"हे बी परीक्षेत हाय काय?"

"दादा, कान उघडं ठेव, तोंड न्हाय!" काउंटरवरून त्याची बहीण आदिती ओरडली.

मी नाणं उडवायचे, छापा-काटा बघून सोन्याचा किंवा चांदीचा प्लग लावायचे. तोच सतारीचा तुकडा. पत्र्यावर पाऊस वाढला की थांबायचो. सातव्या फेरीला तो मान कलती करून म्हणाला, "सोनं...?"

चांदी होती. मला पन्हाळ्याला जायचं होतं. त्याला सावध करायला एक बारीकसा खोकला पुरला असता.

मी खोकले नाही.

दहापैकी पाच.

त्याने ओढणी सोडली, नीट घडी करून दिली. "शब्द म्हंजे शब्द. न्हाय इचारणार."

मी वायर गुंडाळली. परत उलगडली.

"दहा फेऱ्यांवरून काही सिद्ध होत नाही," मी म्हणाले. "निदान शंभर हव्यात."

"शंभर? आजच?"

"कान थकतात. रविवारी दहाच—"

आदितीने बोटं मोजली. "म्हंजे अजून नऊ रविवार! वैनी, च्या टाकू?"

शेवटच्या दहा फेऱ्या पन्हाळ्याच्या तटावर झाल्या, हेडफोनवर. त्याने विचारलं नव्हतं. मीच विचारलं होतं.

अखेरच्या फेरीआधी मी त्याच्या कानावरचा हेडफोन जरा सरकवला. "पुढच्या रविवारी यायला... काही कारण लागेल का रे?"

डोळ्यांवर ओढणी तशीच. हाताने त्याने माझा हात शोधला. "न्हाय लागत."

"बरं. आता सांग, सोनं की चांदी?"

"चांदी."

बरोबर होतं.

एकूण, शंभरपैकी एक्कावन्न.